लेकीच्या घरचं पाणी

माझे सासरे तात्या माझ्या घरी पहिल्यांदा पाणी प्यायले, तेव्हा आमच्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती. तोवर ते कितीतरी वेळा आले. सायखेड्याहून एसटीने यायचे, सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत दाराजवळच्या खुर्चीवर टेकायचे, कापडी पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढायचे आणि दोन घोट घेऊन झाकण घट्ट लावून ठेवायचे. मी नवा जावई. मला वाटलं, म्हातारा शहरातल्या नळाच्या पाण्याला भितो. म्हणून मी फिल्टर बसवून घेतला आणि तात्यांना उभं करून त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. गढूळ पाणी कुठून जातं, स्वच्छ कुठून येतं, सगळं. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "लय भारी मशीन हाय, जावईबापू," म्हणाले, आणि बाटली उघडून घरून आणलेलंच पाणी प्यायले.

ते गेल्यावर मनीषा, म्हणजे माझी बायको, पोट धरून हसली. "अहो, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत तात्या. त्यांचे वडीलही माझ्या आत्याकडे कधी प्यायले नाहीत. तुम्ही काय फिल्टर दाखवत बसलात!"

ओम झाला, आणि मनीषा बाळाला घेऊन माहेरून परत आली. सोडायला तात्याच आले होते. चपला दाराबाहेर काढता काढताच त्यांनी हाळी दिली, "मने, पाणी आण!" एक पेला, दुसरा पेला, तिसरा. मग चहा. मग मांडी घालून जेवायलाच बसले आणि माझ्या वाटीतलं श्रीखंडही संपवलं. "तीन वर्षांची तहान हाय जावईबापू. मनाला लावून घेऊ नका."

तात्यांची द्राक्षाची बाग होती, थोडा कांदा असायचा. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख सोयरिकी जमवणारा माणूस हीच. कुणाचं पोरगं काय शिकलं, कुणाचं मामेकूळ कुठलं, कुणाच्या घरात शेताच्या बांधावरून बोलणं बंद आहे, सगळं डोक्यात. स्वतःच्या थोरल्या मुलीसाठी मला त्यांनीच निवडलं. एवढा जाणता माणूस तिथेच कसा चुकला, हे कोडं मनीषाला अजून सुटलेलं नाही.

जमलेलं लग्न कुरकुरायला लागलं की तेही त्यांच्याच ओट्यावर यायचं. तात्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "बसून बोलू." उभ्याने कुणाचं ऐकायचेच नाहीत. समोरचा कितीही तावातावाने आलेला असो, तात्या उजव्या हाताचा पंजा आडवा धरून, रोप लावल्यावर माती दाबतात तसा खाली दाबायचे. "बसून बोलू." माणूस बसायचा. अर्धं भांडण तिथेच मिटायचं. उरलेल्या अर्ध्यासाठी बैठक बसायची, मारुतीच्या देवळापुढे सतरंजी अंथरून. पोरगी पुन्हा नांदायला गेली की तात्या खूश. अगदीच मोडलं, तर तात्या दोन्हीकडच्या मंडळींना बसवून, स्टँप पेपरवर फारकत लिहून, पाच जणांच्या सह्या घेऊन मोकळं करायचे. त्यांच्या शब्दावर कुणी दुसरा शब्द बोलत नसे.

ज्योती त्यांची धाकटी. मनीषापेक्षा बरीच लहान. ती शाळेत असतानाच सासूबाई गेल्या, त्यामुळे तात्यांनी तिला एकट्याने वाढवलं. भारी बडबडी पोरगी. तात्यांची टोपी डोक्यावर घालून, पंजा आडवा धरून "बसून बोलू" करायची तेव्हा तात्याच तोंडावर उपरणं धरून हसायचे. तिचं लग्न नाशकातच, गंगापूर रोडच्या बाजूला दिलं. मुलगा बँकेत, फ्लॅट स्वतःचा, माणसं शिकलेली. स्थळ अर्थात तात्यांनीच काढलेलं. माझ्या सासूबाईंचा तांब्याचा हंडा त्यांनी ज्योतीला दिला. मनीषा आठवडाभर त्यावरून रुसली होती.

तात्यांचा ज्योतीच्या घरचा मुक्काम चहा उकळायला लागतो तेवढाच असायचा, आणि चहा तर घ्यायचाच नव्हता. दोनदा मी सोबत होतो. द्राक्षाची पेटी ठेवायची, सोफ्याच्या काठावर टेकायचं, बाटलीतले दोन घोट, "बरं हाय ना?" आणि उठायचं.

"तात्या, चहा तरी घ्या," ज्योती म्हणायची. "बिनदुधाचा, बिनसाखरेचा करते. तो चहा धरत नाहीत, काढा धरतात. काढा चालतो ना?"

"आधी मला आजा कर. मंग टाकी रिकामी करतो का नाय बघ."

"अहो, मग नुसते बसा तरी थोडं."

"येऊ परत. यष्टी चुकंल."

पंचक्रोशीला बसून बोलायला लावणारा हा माणूस, पण धाकट्या लेकीच्या घरी तो कधी नीट टेकला नाही. तेव्हा हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच. मी त्या घरचा चहा, पोहे, दोन्ही घेत बसलेलो असायचो.

एका सकाळी तात्यांचा मला कंपनीत फोन. ते कामाच्या वेळी कधी फोन करत नसत, म्हणून मी घाबरून मशीनपासून लांब गेलो. "जावईबापू, आत्ता ज्योतीचा फोन व्हता. म्हनती, तात्या, बाटली जुनी झाली तुमची. आता नवी घेऊ नका." आणि ते एवढे हसले की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

मग काही महिने गेले. मनीषाने विचारलं तेव्हा ज्योती एवढंच म्हणाली, "नाही राहिलं, ताई." मनीषाने ते तात्यांना सांगितलं. "बापानं काय इचारायचं असतं आसल्यात?" तात्या म्हणाले. पुढच्या वेळी आले तेव्हा पिशवीत नवी बाटली होती.

पुढच्या दिवाळीनंतर ज्योती एका बॅगेनिशी सायखेड्याला आली. तात्या म्हणाले, बसून बोलू. धाकट्या जावयाला बोलावलं, त्याच्या वडिलांना बोलावलं, चार समजुतीच्या गोष्टी झाल्या आणि तात्यांनी लेकीला परत नांदायला धाडलं. माझ्याच गाडीतून. ती मागे बसली होती. सायखेड्यापासून नाशकापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मी आपला वातावरण हलकं करायला कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

दुसऱ्यांदा घर सोडलं तेव्हा ती सायखेड्याला गेली नाही. आमच्या दारात आली.

मग बैठक बसली. या वेळी तात्या स्वतःच्याच लेकीसाठी सतरंजीवर बसले होते. दोन्हीकडची मिळून पंधरा-वीस पुरुष माणसं. ज्योती पुजाऱ्याच्या घरात, चहाचे कप भरून बाहेर पाठवत होती. फारकत ठरली. माझं अक्षर बरं, म्हणून मजकूर मी लिहिला. 'उभयतांनी राजीखुशीने' हे शब्द मला इतके आवडले की मी ते दोनदा घातले. पाच जणांनी सह्या केल्या. शेवटची तात्यांची. टोपी सारखी करून ते म्हणाले, "झालं. मोकळी झाली पोरगी."

ज्योतीने सातपूरला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी धरली. राहायला आमच्याकडेच. बडबड संपली होती. ओमचा अभ्यास घ्यायची, मनीषाला पोळ्या लाटून द्यायची. असं वर्षाच्या वर गेल्यावर तात्या एका रविवारी उत्साहात आले. कळवणचं स्थळ होतं. मास्तर, बायको वारलेली, स्वभावाने गरीब.

ज्योतीने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तात्या, मला लग्न करायचंय का ते नंतर बघू. पण करायचं म्हटलं तरी करता येणार नाही. ती फारकत कायद्यात चालत नाही. मी अजून त्यांचीच बायको आहे."

"कोन म्हनलं?"

"मी विचारून आले. कोर्टात मोफत सल्ल्याचं ऑफिस आहे. बाईला वकीलही देतात तिथून. मला एक वकीलबाई दिल्यात."

"आगं, पाच जनांच्या सह्या हायेत!"

"शिवाय नोटरी केलंय," मी म्हणालो. कुटुंबात कायद्याचा जाणकार म्हणून माझं नाव होतं, कारण मी पेपर वाचतो. ज्योतीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पेपर उचलून वाचायला लागलो.

"फुकटचा वकील काय कामाचा?" तात्या पुटपुटले. पण दुसऱ्या दिवशी ते गावी गेले नाहीत. "मला घेऊन चल त्या बाईकडं. बसून बोलतो तिच्याशी."

शिंदे वकीलबाई वयाने ज्योतीएवढ्याच असतील. छोटंसं टेबल, तेही दोघी वकिलांत मिळून. तात्यांनी फारकत उलगडून त्यांच्यापुढे ठेवली आणि पंजा आडवा धरला. "ताई, आमच्याकडं हे बापजाद्यापासून चालत आलंय. माझा शब्द चाळीस गावांत चालतो."

"चालत असेल, काका. कोर्टात नाही चालत." त्यांनी चढ्या आवाजात नाही, समजावून सांगितलं. "रूढी आहे म्हणता, तर ती पिढ्यान्पिढ्याची आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. ते अवघड असतं. यावर विसंबून हिनं दुसरं लग्न केलं, तर ते लग्नच धरणार नाहीत. त्रास हिलाच होईल. दोघांची तयारी असेल तर संमतीनं घटस्फोट मागा. वेगळं राहून वर्ष झालंय, ते पुरे. अर्ज करायचा, कोर्ट दोघांना बोलावतं, समुपदेशक बोलतात, मग साधारण सहा महिने थांबायचं. तेवढ्यात कुणाचं मन बदललं तर नाही म्हणता येतं. नाही बदललं तर पुन्हा दोघांनी येऊन हो म्हणायचं. मग निकाल."

"आन् आत कोन बसतं? मंडळी कोन आसतात?"

"कुणी नाही. नवरा, बायको, न्यायाधीश, वकील. नातेवाईक बाहेर बाकावर."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जावई. मी छताकडे पाहिलं.

मग वकीलबाईंनी ज्योतीला विचारायला सुरुवात केली. लग्न कधी, त्रास कधीपासून, परत काय काय हवंय. "हंडा," ज्योती म्हणाली. "आईचा आहे. बाकी काही नको." मग विचारलं, मूल? ज्योती बोलली ती वकीलबाईंकडे बघत, जणू आम्ही दोघं तिथे नव्हतोच.

"चौथ्या महिन्यात गेलं. सकाळपासून पोटात दुखत होतं. सासूबाई म्हणाल्या, कामं करत राहिलं की जातं दुखणं. ह्यांना फोन केला, ते मीटिंगमध्ये. तेवढ्यात बेल वाजली. तात्या आले होते, द्राक्षं घेऊन. मला इतकं बरं वाटलं. मी म्हटलं, तात्या, चहा घ्या. सासूबाई तिथेच बसलेल्या, त्यांच्यादेखत सांगता येत नव्हतं. म्हटलं, ते चहाला थांबले, तर मी आत जाईन, त्यांना आत बोलावून घेईन, सांगेन, दवाखान्यात न्या म्हणून. ते म्हणाले, यष्टी चुकंल. मी दारात उभी होते, चौकट धरून. ते जिना उतरून गेले. संध्याकाळी दवाखान्यात नेलं तोवर संपलं होतं."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

तात्यांनी बाटली काढली. झाकण फिरवलं, पण ते उघडेना. त्या हातांनी द्राक्षाच्या वेली वर्षानुवर्षं बांधल्या होत्या. झाकण हातात फिरत राहिलं. शेवटी मी बाटली घेतली, उघडून दिली. त्यांनी ती तोंडाला लावली नाही. तशीच उघडी मांडीवर धरून बसले. पाणी सदऱ्यावर सांडत होतं ते त्यांना कळत नव्हतं.

बाहेर आल्यावर ज्योती म्हणाली, "तात्या, मी तुम्हाला दोष नाही देत."

"मंग कुनाला देती?" तात्या म्हणाले.

अर्ज दाखल झाला. समोरून अडवणूक झाली नाही. त्या लोकांनाही सुटायचंच होतं. सामान परत आलं, फक्त हंडा आला नाही. सापडत नाही म्हणाले. वकीलबाई म्हणाल्या, अडून बसू या का? ज्योती म्हणाली, राहू द्या, तारीख लांबेल.

मधल्या महिन्यांत तात्यांनी एक उद्योग केला. ज्या ज्या पोरींच्या फारकतींवर त्यांची सही होती, त्यांच्या घरी ते जाऊ लागले. रविवारी मी गाडी घेऊन जायचो. ओट्यावर बसायचे, पोरीच्या बापाला सांगायचे, "मी लिवलेलं खोटं निघालं. कोर्टात जा. पोरीला वकील फुकट मिळतो. मी येतो संगं." कुठे लोक चकित व्हायचे, कुठे चिडायचे. एकीकडे तर पोरीचं दुसरं लग्न होऊन दोन लेकरं होती. तिचा बाप म्हणाला, "तात्या, आता सांगू राहिले? आता काय करू मी?" तात्यांनी वकीलबाईंचा पत्ता तेवढा सांगितला आणि ते उठले. मग आतून पाण्याचा तांब्या घेऊन ती पोरगीच बाहेर आली. तात्या पुन्हा खाली बसले. तिच्याशी बोलले. बापाशी नाही, तिच्याशी. मी गाडीत वाट बघत तासभर बसलो.

गावात बैठका त्यांच्याकडे यायच्या बंद झाल्या. सोयरिकीही. "तात्याचं डोकं फिरलं," लोक म्हणायचे. देवळापुढून जाताना ते सतरंजीकडे बघायचेही नाहीत.

दुसऱ्या तारखेला आम्ही तिघं कोर्टात गेलो. ज्योतीला आत बोलावलं. तात्या बाहेर बाकावर. आजवर प्रत्येक बैठकीत मधोमध बसलेला माणूस दारावरच्या पट्टेवाल्याला हळूच विचारत होता, "किती टाइम लागन, साहेब?" आतली माणसं काय म्हणत असतील याचे मी अंदाज बांधत होतो आणि सगळे चुकीचे सांगत होतो. धाकटे जावई आतून आधी बाहेर आले. तात्यांसमोर क्षणभर थांबले. पाया पडावं की नाही, त्यांना कळेना. तात्या म्हणाले, "सुखी राहा." ते गेले.

मग ज्योती आली. "झालं, तात्या."

"काय इचारलं जजनं?"

"मला विचारलं. ही तुमची इच्छा आहे का. कुणाचा दबाव नाही ना. तुम्ही विचार केलाय ना."

"तुलाच इचारलं?"

"मलाच."

"बैठकीत तू चहा करत व्हती," तात्या म्हणाले.

ज्योतीने त्याच महिन्यात सातपूरला एक खोली भाड्याने घेतली होती. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण वेगळी. कोर्टातून आम्ही तिथे गेलो. एक खाट, एक शेगडी, कोपऱ्यात पाण्याचा प्लॅस्टिकचा जार. तात्या दारातच घुटमळले. खुर्ची नव्हती. मग ते आत आले आणि भिंतीला टेकून, पाय पसरून, जमिनीवर बसले.

सवयीने ज्योतीने तात्यांना चहाचं विचारलंच नाही. ती तिचा आणि माझा चहा ठेवू लागली. तात्या तिच्या पाठीकडे बघत होते.

"ज्योते, पाणी दे."

तिने वळून पाहिलं. मग तात्यांच्या पिशवीतली बाटली काढायला हात घातला.

"त्यातलं नाय. तुझ्या घरचं दे."

तिने जारमधून पेला भरला. हात ओला झाला, पेला ओला झाला. तात्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश प्यायले. थांबत थांबत, सगळा. पेला पुढे केला. "अजून." दुसरा प्यायले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. "टाकी रिकामी करतो म्हनलो व्हतो," ते म्हणाले, आणि मग तोंडावर उपरणं धरलं. या वेळी हसण्यासाठी नाही. ज्योती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. चहा उतू गेला. मी उठून शेगडी बंद केली. त्या दिवसात माझ्या हातून झालेलं तेवढंच शहाणपणाचं काम.

त्या दिवशी तात्यांनी एसटी चुकू दिली. तीन वेळा चहा घेतला. संध्याकाळी जेवून निघाले.

महिना उलटायच्या आत, बागेत छाटणी चालू असताना तात्या वेलीखाली सावलीला टेकले ते उठले नाहीत. ज्योती निकालाची प्रत दाखवायला त्या रविवारी जाणारच होती. ती प्रत मनीषाच्या कपाटात आहे. ज्योतीला ती स्वतःजवळ ठेवायची नाही.

मला मात्र तात्या दिसतात ते निकालाच्या त्या संध्याकाळचे, नाशिकच्या स्टँडवर. मी त्यांना एसटीत बसवून खाली उतरलो. खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला आणि अंगठा ओठांशी नेऊन पाणी पिण्याची खूण केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, पिशवी सपाट दिसते आहे. बाटली ज्योतीकडेच राहिली होती. म्हाताऱ्याला वाटेत तहान लागेल म्हणून मी दुकानाकडे धावत सुटलो, गर्दीतून वाट काढत, धापा टाकत पाण्याची बाटली घेऊन आलो. गाडी निघाली होती. मी बाटली उंच धरून खिडकीसोबत पळू लागलो.

तात्या मान हलवत होते. नको, नको. त्यांनी पंजा आडवा केला आणि पोटावर ठेवला. मग दोन बोटं दाखवली. दोन पेले. मला सांगत होते ते.

गाडी वळली. हातातली बाटली तशीच राहिली. तिचं झाकण मी अजून उघडलेलं नाही.